रिकाम्या घरांचं कुलूप

सोमवार, ४ मार्च

अख्खी सकाळ शिबिरात गेली. विषय – आपल्या कामात कोणाला बळजबरीने राबवलं जातंय का, ते कसं ओळखायचं. पडद्यावर साखळदंडातले हात. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या भाड्याच्या घरांच्या संस्थेच्या व्यवस्थापक, म्हणाल्या, "आपल्या ठेकेदारांकडे असलं काही नसणारच, तरी डोळे उघडे ठेवा." मग मदतीच्या फोन नंबरचं पत्रक लावलं. कुठे? आमच्या चहाच्या खोलीत! जिथे ठेकेदाराचं माणूस चुकूनही फिरकत नाही. तसं म्हटलं, तर म्हणे, "तुमचं आपलं काहीतरी असतंच."

असतंच.

दुपारी पुन्हा किल्ल्यांच्या खिडकीवर. भाडेकरू गेला की त्या घराला आम्ही तात्पुरतं कुलूप बसवतो. आतून काय, बाहेरून काय, किल्लीशिवाय उघडत नाही. सगळ्या रिकाम्या घरांना एकच किल्ली चालते. साफसफाई झाली की कायमचं कुलूप, आणि त्याची किल्ली माझ्या मागच्या भिंतीवर, नव्या भाडेकरूची वाट बघत. सफाईच्या ठेकेदाराचा मुकादम सकाळी ती तात्पुरती किल्ली नेतो, संध्याकाळी आणून देतो. मी रोज बजावते, "दार उघडं दिसता कामा नये. कोणी घुसलं तर बाहेर काढताना नाकी नऊ येतात."

"तुमचा शब्द म्हणजे शब्द, ताई." गोड बोलतो मेला.

बुधवार, ६ मार्च

खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा फोन आला, छतातून पाणी गळतंय. वरचं घर रिकामं, सफाई चालू. दार वाजवून वाजवून हात दुखला, कोणी उघडेना. तात्पुरत्या कुलपाची जादाची किल्ली नेली होती, तिने उघडलं. आत ॲसिडचा असा वास की डोळ्यांतून घळाघळा पाणी. खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या. आणि मोरीच्या भिंतीला पाठ लावून एक बाई उभी. मला बघून पहिलं वाक्य काय? "मी बाहेर नाही गेले."

म्हटलं, अगं, मग दार का नाही उघडलंस? तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे – वेड्या माणसाकडे बघतात तसं.

फडकं पिळत पिळत थोडंथोडं बोलली. मुकादम प्रत्येकीला एकेका घरात सोडतो, कुलूप लावतो, संध्याकाळी काढतो. झोपायची जागा त्याचीच, तिथेही कुलूप. सगळ्यांची कागदपत्रं त्याच्या कपाटात. "तो म्हणतो, ऑफिसचाच नियम आहे. किल्लीवाल्या बाई रोज बजावतात."

किल्लीवाली बाई म्हणजे मी. ते तिला न सांगताच निघाले.

गुरुवार, ७ मार्च

मोठ्या बाईंना सांगितलं. खरंच पांढऱ्या पडल्या. मग लगेच फोन उचलला – ठेकेदाराला! "पाहणीला कधी येऊ?" चोराला आवतण देऊन झडती घ्यायची आमच्याकडची रीत.

सोमवार, ११ मार्च

पाहणी झाली. सगळी दारं सताड उघडी, बायकांच्या हातात कोरे करकरीत हातमोजे. मुकादम प्रत्येकीच्या खांद्याशी. "काही त्रास?" "नाही." तीसुद्धा म्हणाली, नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बघा, ती स्वतःच नाही म्हणतेय," परतताना मोठ्या बाई. पोलिसांत जाऊ म्हटलं, तर "पुरावा नाही, आणि संस्थेचं नाव उगाच."

पत्रकावरच्या नंबरला मीच फोन लावला. पलीकडची बाई चांगली बोलली. म्हणाली, त्या स्वतः बोलायला तयार झाल्या की आम्ही तासाभरात येऊ. त्या तयार कशा होणार? कुलपाआडून?

मंगळवार, १२ मार्च

घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, "तू किल्ल्या सांभाळ, जग सांभाळू नकोस." मी त्यांचं ताट वाढलं आणि उठून आत गेले. माझा राग त्यांच्यावर नव्हताच खरं तर.

गुरुवार, १४ मार्च

गळतीचं निमित्त करून पुन्हा गेले. म्हटलं, किल्लीवाली बाई मीच. ती पुन्हा फरशी घासायला लागली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जादाची किल्ली पुढे केली. घेईना. "बहीण पलीकडच्या इमारतीत आहे. मी गेले तर तो तिची चामडी लोळवेल. एकटी नाही जाणार."

"ही सगळ्याच रिकाम्या घरांना लागते," मी म्हटलं. मदतीचा नंबरही सांगितला. किल्ली फडक्यात गुंडाळून तिच्या बादलीत टाकली आणि निघाले.

शुक्रवार, १५ मार्च

काही नाही. जादाच्या किल्लीचा खिळा रिकामा. कोणाच्या लक्षात आलं नाही.

सोमवार, १८ मार्च

मोठ्या बाईंनी ठेका रद्द केला. उद्या शेवटचा दिवस. चेहऱ्यावर केवढं समाधान. "सुटलो बाई एकदाचे यातून."

"आणि त्या बायका?"

"त्या त्याच्या कामगार आहेत. आपला काय संबंध?"

अगदी ओरडावंसं वाटलं. घाण दुसऱ्याच्या अंगणात लोटली की आपलं अंगण झालं स्वच्छ!

संध्याकाळी मुकादम किल्ली द्यायला आला. हसत होता. "परवापासून दुसऱ्या गावी काम, ताई. बायकांना काय, कुठेही चालतं."

रडू आलं. उद्या सकाळी त्याच्या हातात किल्ली देणार कोण? मीच.

मंगळवार, १९ मार्च

सकाळी किल्ली दिली. रोजचं वाक्य तोंडातून निघालं नाही.

दुपारी, मुकादम यायच्या बऱ्याच आधी, खिडकीवर टकटक झाली. ती. शेजारी तिची बहीण, नाक हुबेहूब तेच. मागे बाकीच्या सगळ्या, हातमोजे अजून हातात. तिने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"सगळी दारं उघडली," म्हणाली. "त्या नंबरवाल्या लोकांना बोलवा, आम्ही बोलतो. पण आज झोपायचं कुठे, ते तुम्ही सांगा."

मोठ्या बाई येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. भिंतीवर किल्ल्या लटकत होत्या – या बायकांनीच घासूनपुसून तयार केलेल्या घरांच्या. मोठ्या बाईंना न विचारता मी एक काढली.