कापसाच्या गाडीवरून मला मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी साहेब,
ग्रामीण युवक जड वाहन चालक प्रशिक्षण योजना,
यवतमाळ.

विषय : नेमून दिलेल्या मालकाकडील कापूस वाहतुकीतून मुक्त करून इतर कोणत्याही मालाच्या गाडीवर नेमणूक मिळण्याबाबत, ते न जमल्यास निदान उद्याची खेप थांबविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे नेमणूक पत्र व मी स्वखुशीने लिहून दिलेला करारनामा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी अंबादास बापूजी उरकुडे, राहणार सावरटेक, तालुका केळापूर, आपल्या योजनेच्या मागील तुकडीतून उत्तीर्ण झालेला चालक आहे. शेतकऱ्याच्या घरात एकाला तरी शेताबाहेरचा रोजगार मिळावा या आपल्या चांगल्या हेतूमुळे मला प्रशिक्षण, परवाना आणि पाठोपाठ नोकरी मिळाली. त्याबद्दल मी आपला जन्मभर ऋणी आहे. हे आधी लिहिण्याचे कारण, पुढचे वाचून आपण मला कृतघ्न समजू नये.

१. करारनाम्याप्रमाणे दोन वर्षे मला मालक बदलता येत नाही व नोकरीही सोडता येत नाही. सोडल्यास परवाना जमा होतो. ही अट मला मान्य होती व आहे. परंतु नेमून दिलेले मालक वाहतुकीसोबत कापसाचा व्यापारही करतात, ही बाब मला गाडीवर चढल्यानंतर समजली. आमच्या भागातील कापूस खरेदी केंद्रावर यंदा शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांची रांग नाल्याच्या पुलापर्यंत गेलेली आहे. मालकाची गाडी मात्र रांगेला लागत नाही. ती मागच्या फाटकातून थेट काट्याला जाते व तिच्यातला माल कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर मोजला जातो. त्याबाबत तक्रार करण्याचा मला अधिकार नाही आणि हा अर्जही त्याबाबत नाही. ती गाडी मी चालवतो, एवढेच मला कळवायचे आहे.

२. माझ्या प्रशिक्षणात राहिलेला एक दोष आपल्या निदर्शनास आणणे आवश्यक आहे. गाडी पुढे नेताना मला काही अडचण नाही. मागे घेताना मात्र माझ्या तोंडून आवाज निघतो. आमचा बैलांचा कोठा अरुंद बोळीत असून तिथे बंडी वळत नाही, त्यामुळे ती उलटीच बाहेर काढावी लागते. बैलाला उलटे चालायला शिकवणे फार जड काम आहे. पण आमचे पाखऱ्या आणि बांड्या हे दोन्ही बैल गोऱ्हे होते तेव्हापासून मी शिकवले, आणि "मांगं रेऽ, मांगं, मांगं" असे लांब सुरात म्हटले की ते जू न हलवता मागे सरतात. हीच सवय मला ट्रकवरही लागली. प्रशिक्षक श्री. शंकरसिंग यांनी मला पुष्कळदा टोकले. त्यांचे शब्द असे : "अबे, हा टरक होय, गोऱ्हा नोय. याचा बिरेक पायात हाय, तोंडात नाही." सगळी तुकडी हसायची, मीही हसायचो. परीक्षेच्या दिवशी मी तोंडातल्या तोंडात म्हणालो. शेजारी बसलेल्या परीक्षक साहेबांना वाटले, पोरगा देवाचे नाव घेतो आहे. त्यांनी मला पास केले. साहेब, त्यांनी मला त्या दिवशी नापास करायला पाहिजे होते.

३. माझे वडील श्री. बापूजी उरकुडे हेही त्याच रांगेत बंडी घेऊन उभे होते. रांगेत भांडणे होऊ नयेत म्हणून लोकांनी आपसांत एक कायदा केला होता, की जी बंडी कोणत्याही कारणाने रांगेतून बाहेर पडेल, ती शेवटी जाईल. हा कायदा पाळून घेण्याचे काम सर्वांनी मिळून वडिलांकडे दिले होते, कारण ते कोणाची भीड धरत नाहीत. आदल्याच दिवशी धावजी नावाच्या गृहस्थाचा बैल बसला आणि बंडी बाजूला घ्यावी लागली, तर वडिलांनी त्यांना हात जोडून मागे पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी वडिलांची बंडी पुढच्या फाटकाच्या अगदी तोंडाशी आली. बैल जुंपलेले होते, कासरा जुवावर टाकून वडील आत पावती विचारायला वाकले होते. नेमक्या त्याच वेळी मी मालकाची भरलेली गाडी भिंतीच्या कडेने, तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या मागच्या फाटकात मागे घेत होतो. काच खाली होती. जागा अरुंद, मला घाम फुटलेला, आणि मी मोठ्याने "मांगं रेऽ, मांगं" म्हणालो.

पाखऱ्या आणि बांड्या मागे सरले. त्यांनी बंडी चांगली रस्त्याच्या मध्यापर्यंत आणली आणि माझा आवाज थांबल्यावर थांबले. त्यांनी काहीही चूक केली नाही. मी आरशात सर्व पाहत होतो.

४. लोक म्हणाले, बापूजी, घाला मधात, कोण काय म्हणते. खुद्द धावजीही म्हणाले, "तुमची बंडी पोरानं काहाडली, तुमी थोडीच काहाडली!" वडिलांनी ऐकले नाही. "काल तुले मांगं धाडलं ना म्या? मंग आज मले कायले सूट पायजे?" असे म्हणून त्यांनी स्वतः बंडी वळवली आणि पुलाकडे नेली. मी गाडीतून उतरून धावत गेलो. मला वाटले, शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरे झाले असते. ते मात्र वाटेतल्या प्रत्येक बंडीवाल्याला थांबून सांगत होते, "आवाज आयकला का? माहा अंबादास होय तो. येवढा मोठा टरक चालवून राह्यला. बैलाइनं दुरून ओयखलं त्याले." साहेब, त्यांच्या तोंडावर आनंद होता. मला तिथे उभे राहवेना. मी गाडीत येऊन बसलो आणि मालकाचा कापूस मोजून घेतला.

५. त्यानंतर बारदाना संपल्याने केंद्रातील मोजमाप बंद झाले. कधी सुरू होईल ते कोणी सांगत नाही. रांगेच्या शेवटी असलेल्यांना बैलांचा चारा पुरेना, तेव्हा त्यांनी आपला माल मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला घातला. वडिलांनीही घातला. पुलाजवळ तो माल घेणारा व्यापारी म्हणजे माझेच मालक. तो कापूस काल माझ्याच गाडीत भरला. हमालांबरोबर मीही हातांनी दाबून भरला, कारण आईने, म्हणजे इंदूबाईने, तो अंगणात वाळवून त्यातली किडकी कवडी वेचून ठेवलेला होता आणि तो पायदळी तुडवला जाऊ नये असे मला वाटले. बारदाना आला आहे, मात्र तूर्त मागच्या फाटकापुरता. उद्या सकाळी मला तीच गाडी आत न्यायची आहे.

६. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. मला वणीकडे कोळशाच्या गाडीवर द्यावे. कोळसा नसल्यास मुरूम, विटा, गिट्टी, शेणखत यांपैकी काहीही चालेल. तेही शक्य नसल्यास माझी परीक्षा पुन्हा घेऊन मला मागे घेण्यात नापास करावे, म्हणजे मालकाला मला आपोआप गाडीवरून उतरवावे लागेल आणि करार मोडल्याचा ठपका येणार नाही. तेही नियमात बसत नसेल, तर उद्याच्या दिवसापुरती माझी गाडी पुलाजवळ, रांगेच्या शेवटी लावण्याचा लेखी आदेश मालकास द्यावा. मी कितीही दिवस उभा राहीन. या मागण्या हास्यास्पद आहेत हे मला समजते. पण एवढे सगळे डोळ्यांसमोर असताना मी पगार घेतो, आणि तो घेताना मला माझीच लाज वाटते.

७. उद्याचीच घाई कशासाठी, असे आपण विचाराल. वडिलांनी माझी गाडी अजून आतून पाहिलेली नाही. आपला कापूस याच गाडीत आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "मंग मी बी येतो. पिकवला आपण, काट्यावर चढताना तरी पाहू." त्यांनी धुतलेले धोतर काढून ठेवले आहे. गाडी मागच्या फाटकातून जाते, हे त्यांना माहीत आहे. पण ज्यांना त्यांनी इतके दिवस आपापल्या जागी उभे ठेवले, ते लोक अजून तिथेच उभे आहेत, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली नाही. त्या सगळ्यांच्या देखत, रांग सोडून, व्यापाऱ्याच्या गाडीत बसून ते आत जातील. धावजींनी अजून माल विकलेला नाही, तेही तिथेच असतील. गाडी त्यांच्यासमोर आली की वडिलांच्या लक्षात येईल, आणि तेव्हा ते माझ्या शेजारी बसलेले असतील.

त्यांना येऊ नका असे मी तीन वेळा सांगायला गेलो आणि तीनही वेळा चहा पिऊन परत आलो. जे मला घरात बोलता आले नाही ते आपल्या आदेशाने व्हावे, एवढ्यासाठी हा अर्ज आहे. अर्ज आवक शाखेत देऊन मी बाहेरच्या बाकावर बसलो आहे. शेवटची एस.टी. सुटेपर्यंत कोणीही हाक मारली तरी मी लगेच आत येईन.

आपल्याच योजनेतून चालक झालेला, आपला नम्र,

अंबादास बापूजी उरकुडे
मु. सावरटेक, ता. केळापूर, जि. यवतमाळ

ठिकाण : यवतमाळ
दिनांक : ११ फेब्रुवारी २००५

सोबत :
प्रशिक्षण प्रमाणपत्राची सत्यप्रत.
परवाना, मूळ. जमा करून घेतला तरी हरकत नाही.