नॉर्वेच्या बाजारात पंधरा मिनिटं

शनिवार, १५ नोव्हेंबर, संध्याकाळ

आईला घेऊन नॉर्वेची टूर बुक करायला मुलुंडला गेले. तिथला माणूस मलाच विचारतो, "डिसेंबरची थंडी मावशींना झेपेल ना?" तीस वर्षं भांडुपला मासे विकतेय ती, रोज पहाटे बर्फात हात!

आईने मात्र कार्यक्रमाच्या कागदावर बोट ठेवलं. मासळीबाजार, पंधरा मिनिटं.

"अरे बाबा, पंधरा मिनिटांत एका सुरमईचा भाव ठरत नाही," म्हणाली आणि उठलीच. काय रुबाब होता!

आता आमचं आम्हीच जाणार. हातमोजे दाखवले तर म्हणते, "हे घालून माशाचे कल्ले कसे उघडू?"

वहीत नवा बेत लिहिला. पहिला दिवस, मासळीबाजार. वेळ, आई म्हणेल तेवढा.