चिमट्याने लागलेला शोध

तीर्थस्वरूप सासूबाईंना जावयाचा साष्टांग नमस्कार (नुसता लिहिण्यापुरता नाही, सध्या जमिनीकडेच बघून वावरतो आहे). तुमची तब्येत सुधारत असेल, आणि तुमच्या सेवेला आलेल्या लेकीचा रागही. तिचा फोन लागतो, पण उचलला जात नाही.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत नेमकं काय करतो, हे तुम्ही लग्नापासून विचारताय. आम्ही इलेक्ट्रॉनांचा एक अगदी पातळ थर भयंकर थंड करतो. थर दिसायला सपाट, पण आत सगळा खडबडीत कारभार. त्यातल्या खळग्यांत काही इलेक्ट्रॉन अडकून पडतात. प्रत्येक म्हणजे एक इवलंसं चुंबक. प्रश्न एवढाच, की हे शेजारी एकमेकांची दखल घेतात का. तिने वर्षानुवर्षं मोजून सांगितलं, जवळजवळ नाही. मी आठवड्याभरात मोजून सांगितलं, सगळे एका दिशेला तोंड करून उभे आहेत. आमचे प्रमुख, म्हणजे सर, खूश. तिचं यंत्र मला मिळालं, तिचा लेख बाजूला पडला, आणि तुमच्याच घरी जेवताना मी म्हणालो, की हिला मोजमापाचा हातच नाही. (तुम्ही तेव्हा मला आग्रहाने वाढत होतात.)

आमच्याकडे नमुना, म्हणजे तो थर असलेला तुकडा, प्लास्टिकच्याच चिमट्याने उचलायचा, असा दंडक आहे. स्टीलच्या चिमट्याचे न दिसणारे लोखंडी कण त्याला चिकटतात. माझा चिमटा हरवला होता. तिच्याकडे मागायचा तर कमीपणा, म्हणून मी प्रथमोपचाराच्या पेटीतला, काटा काढायचा स्टीलचा चिमटा वापरला. परवा यंत्र तपासायला त्याच चिमट्याने एक कोरा तुकडा ठेवला, ज्यात अडकलेला इलेक्ट्रॉन औषधालाही नाही. त्यातूनही तेच, तितकंच जोरदार चुंबकत्व. माझं तोंड कुठे करावं, कळेना.

सगळ्यांसमोर सरांना सांगितलं. त्यांनी तो चिमटा पेटीत परत ठेवला आणि विचारलं, "तिला कळवलंस?"

कळावे. लोभ असावा, असं लिहायची हिंमत नाही.

तुमचा (अजून तरी) जावई

ता. क. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि वाचायला बंदी आहे, हे मला माहीत आहे. म्हणजे हे पत्र तीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. तिच्या नावाने पाठवलं असतं, तर तिने पाकीटही फोडलं नसतं.

आणखी एक ता. क. ती वाचता वाचता इथे थांबली असेल, तर "पुढे काय लिहिलंय गं?" असं विचारा, एवढीच विनंती. पुढे लिहिलंय: तुझंच मोजमाप खरं होतं. सरांनी तुझा लेख पुन्हा हातात घेतलाय. तुला आईसमोर कमी लेखलं होतं, म्हणून हे आईसमोरच. मी चुकलो.