बाजूला काढलेलं ताट

सोनई, ४ ऑक्टोबर २०२५

चि. कल्याण यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला असता, पण तुझा फोन रेश्माच उचलते. एकटा असशील तेव्हा वाच.

दसऱ्याला तुम्ही आलात तेव्हा तुझ्या बायकोवर माझं बारीक लक्ष होतं. संध्याकाळी आठला तिच्या मोबाईलचा गजर वाजला, की ही हिंगाची डबी घेऊन परसात. डबी उघडून पाहिली तर आत गोळ्या. एक उचलून शेजारच्या रंगुबाईला दाखवली. ती दवाखान्यात आया होती. म्हणाली, "ही एड्सची गोळी हाय. तिचं ताट येगळं ठेव."

ताट मी गोठ्यात ठेवलंय. तू तिला बेलापूरला माहेरी धाड. लग्नाआधीचं काय लपवलंय कोण जाणे. मला एकच भाऊ आहे.

तुझी काळजी वाहणारी,
रतनताई

सुपा, ९ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र रेश्माच्याच हाती पडलं. तिनं न फोडता मला दिलं. मीच तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताईंना काय बी सांगू नका. मला वाईट म्हनू द्या." आता मला ते सोसत नाही.

गोळ्या माझ्या आहेत. मी विसरतो, म्हणून गजर तिच्याकडे. परसात खाटेवर मी बसलेलो असायचो, ते तू पाहिलं नाहीस. रोग कुठून आला ते तिला ठाऊक आहे, तू विचारू नकोस. तिला तो नाही. एक गोळी कमी भरली म्हणून दोन दिवस ती माझ्यावरच संशय घेत होती.

दसऱ्याला माझ्या ताटातली अर्धी पुरणपोळी तू खाल्लीस. काही होणार नाही, हा रोग ताटातून जात नाही. तरी ताट गोठ्यातच ठेवायचं असेल तर माझं ठेव. भाऊबीजेला येऊ का, तेवढं कळव.

माया कमी करू नकोस.
कल्याण

सोनई, १५ ऑक्टोबर

चि. सौ. रेश्मा हिला अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच आहे. खोटं लिहीत नाही, ती पुरणपोळी आठवून मी दोनदा चूळ भरली. मग माझी मलाच लाज वाटली. रंगुबाईला सांगितलं, गोळी झोपेची निघाली. तिला पटलेलं दिसत नाही.

ताट घासून घरात आणलंय. भाऊबीजेला दोघं या. ओवाळून झालं की त्या ताटात आपण दोघी जेवू. माझा हात थबकला तर रागावू नकोस.

आठचा गजर माझ्याही मोबाईलवर लावलाय. घरातले विचारतात कशाचा, मी सांगत नाही.

तुझ्या लोभाची वाट पाहणारी,
रतनताई