लक्षणे दिसेपर्यंत

दि. २ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आईने बाजारात सुई-दोऱ्याचा आणि बटणांचा गाळा घेतल्यापासून, म्हणजे गेली सात वर्षे, आपण तिच्याशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आपण फोन बाळगत नाही, म्हणून हा कागद. आईला न विचारता लिहीत आहे. रागवायचे झाल्यास माझ्यावर रागवावे. तिच्या वाट्याचा राग संपला असावा.

इकडील सर्व क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे, पण तसे नाही. बाजाराच्या मागच्या भिंतीलगत बायकांसाठी जी एकच जागा होती, तिला गेल्या महिन्यात कुलूप लागले. बाजाराच्या अधीक्षकांना त्या जागेत खुर्च्या ठेवायच्या आहेत. (बायकांनी त्यांचे नाव कुलूपराव ठेवले आहे.) बाजारात पन्नासेक बायकांचे गाळे आहेत. त्या जागेसाठी आता त्यांना गाळा शेजारणीच्या भरवशावर टाकून, हमरस्ता ओलांडून बसस्थानकापर्यंत जावे लागते. परवा आईला डबा द्यायला गेले असता मलाच जाण्याची वेळ आली. मोठ्या गाड्या थांबत नव्हत्या, आणि पलीकडे उभे असलेले ड्रायव्हर, मी कुठे निघाले आहे हे ओळखून, हसत होते. परत आले ती रडतच. आई म्हणाली, एका फेरीत रडलीस, आम्ही रोज जातो.

त्या संध्याकाळी गाळे बंद झाल्यावर बायकांची सभा भरली. मी आईची वाट पाहत कोपऱ्यात पुस्तक वाचत होते. तीन अर्ज देऊन झाले, उत्तर नाही. तेव्हा येत्या शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाजाराच्या पायऱ्यांवर उपाशी बसायचे, असे ठरले. मग अंडीवाल्या मावशी सर्वांदेखत आईला म्हणाल्या की तुझी पोरगी दरवर्षी पहिली येते ना, मग फलक तीच लिहील, नाहीतर त्या पहिल्या नंबराचं काय लोणचं घालायचंय? सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. वर्गात उत्तर येत असूनही ज्या मुलीचा हात वर जात नाही, तिला ‘नाही’ तरी कुठून म्हणता येणार? अशा रीतीने मी चळवळीत पडले आहे.

‘एक दिवस उपाशी बसणे’ हे शब्द फलकावर फार दुबळे दिसतात. वजनदार आणि शुद्ध असा शब्द सुचवावा, एवढीच विनंती. मामींस नमस्कार.

आपल्या कृपेची अपेक्षा करणारी,
आपली भाची


दि. ५ मार्च

चि. वाळवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. दोनदा वाचले, कारण पहिल्या वेळी विषय काय आहे हेच समजले नाही. पत्रभर ‘ती जागा’, ‘ती जागा’! सर्वनामाने भागवायचे तर आधी नाम द्यावे लागते, हे तुला मीच शिकवले होते. त्या जागेस स्वच्छतागृह म्हणतात. फलकावर तरी लाजू नकोस, नाहीतर लोकांना वाटेल की बायका देवळासाठी बसल्या आहेत. तुझी मामी पत्र वाचून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिला धक्का बसला की हसू आवरेना, हे ती सांगत नाही. मला मात्र धक्काच बसला. पुस्तकांची पाने कुरतडणारी आमची वाळवी एकदम पायऱ्यांवर!

शब्द विचारलास, म्हणून देतो. एका दिवसाच्या उपोषणास ‘लाक्षणिक उपोषण’ म्हणतात. लाक्षणिक, म्हणजे खुणेपुरते. शब्द वजनदार आहे, शुद्ध आहे, आणि कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही. तेवढा फलक लिहून सरळ घरी जा. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. घोषणा देण्याजोगा तुझा गळा नाही आणि त्या ऐकण्याजोगे माझे काळीज नाही.

तुझ्या आईविषयी तू मला काही विचारले नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही. तिला उन्हात बसू देऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच,
मामा


दि. ९ मार्च, सायंकाळ

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आल्याबद्दल क्षमा असावी. घाईत लिहीत आहे. टपालाने जाण्याइतका वेळ नाही, म्हणून हे पत्र आपल्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देत आहे.

आपण दिलेला शब्द मी जुन्या चादरीवर निळ्या रंगाने लिहिला: ‘महिला स्वच्छतागृहासाठी लाक्षणिक उपोषण’. बाजार उघडण्यापूर्वी चादर बांधली आणि कोणी काही विचारील या भीतीने शिकवणीला पळाले. संध्याकाळी, आता उपोषण सुटले असेल या हिशेबाने, गरम डबा घेऊन गेले. चौघीजणी बसल्या होत्या, त्यांतल्या दोघी उठून गेल्या होत्या. सतरंजीवर आई आणि अंडीवाल्या मावशी उरल्या होत्या. आईने डबा उघडूही दिला नाही. म्हणाली, घेऊन जा, वास येतो, जीव जातो.

मला वाटले, ती चेष्टा करते आहे. तेव्हा मावशींनी मला समजावून सांगितले. मामा, मी अक्षरशः गार पडले. मावशी म्हणाल्या की ताप हे आजाराचं लक्षण, हे शेंबडं पोरही जाणतं. तर लाक्षणिक उपोषण म्हणजे लक्षणं दिसेपर्यंतचं उपोषण. चक्कर आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, डॉक्टरनं मान हलवली, की सुटलं. सकाळी कोणीतरी अर्थ विचारला, मावशींनी सांगितला, आणि सगळ्या बाजाराला तो पटला. आई एवढेच म्हणाली होती की माझ्या पोरीनं लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार. उठून गेलेल्या दोघींना आता बाजारात भित्र्या म्हणतात, आणि त्यांनी तर बरोबर अर्थ लावला होता!

मी खरा अर्थ सांगितला. माझा आवाज असा की पहिल्या वेळी कोणाला ऐकूच गेला नाही. दुसऱ्यांदा ऐकू गेला तेव्हा मावशींनी पाठीवर हात फिरवून मला धीर दिला. म्हणाल्या, घाबरू नको, तुझी आई टणक आहे, तिला इतक्यात लक्षणं दिसायची नाहीत.

मी काय करू? उत्तर याच ड्रायव्हरजवळ द्यावे.

आपली भाची


दि. १० मार्च, सकाळ

चि. वाळवीस आशीर्वाद.

शब्द माझा होता. चाळीस वर्षे मुलांना शब्द शिकवले. त्यांतला एक माझ्याच बहिणीच्या पोटावर असा बसेल, हे ध्यानीमनीही नव्हते. मी तुझे पत्र हातात धरून उभा आहे, आणि मामी मला बसा म्हणते आहे.

प्रथम तिला पाणी पाज. कोणत्याही उपोषणात पाणी वर्ज्य नसते. मग तिला उठव. मी सांगितले आहे म्हणून सांग. नको, माझे नाव घेतलेस तर ती मुद्दाम बसून राहील. लहानपणापासून तशीच आहे. पण पाणी आधी. पाण्याविना लक्षणे दिसायला दिवस लागत नाहीत.

मामा


१० मार्च, संध्याकाळ

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र पोरीनं मला वाचून दाखवलं. लपवून वाचत होती, मी पकडली. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून रेघेवर सरळ चालतं, मास्तर बाहेर उभा असल्यासारखं.

लाक्षणिक म्हणजे खुणेपुरतं, हे काल कळलं. आधी कळलं असतं तर काल संध्याकाळीच घरी जाऊन पोटभर जेवले असते, खोटं कशाला बोलू? पण आता उठले तर कुलूपराव सगळीकडे सांगत सुटेल की बायकांना स्वतःच्या पाटीवरचा शब्द कळत नाही, बाकीचं काय कळणार. म्हणून बसले आहे. पोरीचा दोष नाही, तुझाही नाही.

पाणी पी म्हणतोस. पिते. मग जाऊ कुठं, तेवढं लिहून पाठव. काल त्या दोघी खरं तर स्थानकावर जायला उठल्या, तर कुलूपरावानं वहीत लिहिलं की त्या उपोषणातून उठल्या. म्हणजे जागचं हलायचं नाही, आणि पाठीमागे कुलूप. घोट घोट घेते ओठ ओले करायला. तसंही बाजारात आम्ही कोण पाणी पितो? माझी बाटली महिनाभर भरलेली घरी जाते. पोर बिचारी रोज ती रिकामी करून पुन्हा भरते, तिला वाटतं मी विसरते.

एक विचारू? तू मास्तर माणूस, शब्दांचं तुला कळतं. सात वर्षं बोलला नाहीस, ते खुणेपुरतं होतं की लक्षणं दिसेपर्यंत?

वहिनीला सांग, मी मजेत आहे.

तुझी
धाकटी


दि. ११ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचे पत्र सकाळच्या गाडीने आपल्यापर्यंत पोहोचले असेल. देण्यापूर्वी ते मी वाचले. बाटलीविषयीच्या ओळीवर थांबले, ती अजून तिथेच आहे. पण घडले ते क्रमाने लिहिते.

आज दुपारी सरकारी दवाखान्यातून डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. आईची जीभ पाहून त्यांनी, पाणी का पीत नाही, असे रागावून विचारले. मावशींनी भिंतीकडे बोट दाखवले. बाई उठून मागे गेल्या, कुलूप पाहिले, परत आल्या, आणि कागद काढून लिहू लागल्या: उपोषणकर्त्या बसून असेपर्यंत, त्यांच्या प्रकृतीसाठी, हे स्वच्छतागृह उघडे ठेवावे. कुलूपरावांना किल्ली काढावी लागली. कडी वाजली तेव्हा सगळ्या बाजारातून बायका धावल्या. कोणी म्हणाली, मीही कालपासून उपाशीच आहे हो. कोणी म्हणाली, मी मनानं बसलेली आहे. अधीक्षकांना त्यांच्याच दारातून बाजूला सरकावे लागले. रांग लागली. मी आईला इतके हसताना कधी पाहिले नव्हते.

पहिला मान तिचा, म्हणून सगळ्यांनी तिला उठायला सांगितले. ती उठली, माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली, आणि उभीच्या उभी खाली आली. मी हात पुढे केला होता. तो पुरला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला आणि मावशींना, दोघींना गाडीत घालून नेले. त्या मला म्हणाल्या की मूत्रपिंडांवर ताण आला आहे, सलाईन लावावे लागेल, रात्रभर जवळ घरचे माणूस हवे, तू मागून ये. मी चपला शोधत होते. तेवढ्यात कुलूपराव त्या कागदावर बोट ठेवून सर्वांना वाचून दाखवू लागले की उपोषणकर्त्या बसून असेपर्यंत, आणि सतरंजी तर रिकामी आहे. त्यांनी कुलूप हातात घेतले. आत अजून बायका होत्या, बाहेर रांग होती. आईला तसे नेताना सगळ्यांनी पाहिले होते, आता कोण बसणार?

मामा, मी ठरवले वगैरे काही नाही. मी सतरंजीवर होते, एवढेच मला आठवते. आणि मग मी बोललेही. मोठ्याने. माझा आवाज इतका मोठा आहे, हे मला ठाऊक नव्हते. कुलूपरावांच्या हातातले कुलूप खाली पडले. मी म्हणाले की उपोषणकर्ती बसलेली आहे, साहेब, दार उघडेच राहू द्या. कोणीतरी मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी तो सगळा प्यायले.

बायका आपसांत पाळ्या लावत आहेत. उद्या सकाळी फुलवाली बसेल, परवा शिंपीणकाकू. पण आज बाकी सगळ्यांचे जेवण झालेले आहे, आणि पोटात अन्न असताना बसल्याचे कुलूपरावांना कळले तर सगळेच खोटे ठरेल. मी मात्र सकाळपासून, नुसत्या काळजीने, काही खाल्लेले नाही. म्हणून आजची रात्र माझी आहे. मी उठू शकत नाही.

आणि आईपाशी घरचे कोणी नाही. शेजारच्या खाटेवर मावशी आहेत, पण त्यांनाही सलाईन आहे. ही बस आपल्याकडे पोहोचली की तीच परत फिरते. बायकांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर आहे. तिने आपल्याला एक प्रश्न विचारला आहे, त्याचे उत्तर कृपया पत्राने पाठवू नका. या.

आपल्या येण्यावर भार टाकून बसलेली,
आपली वाळवी

दि. ११ मार्च, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे, ड्रायव्हरच्या हाती.