भोलूचा पाय, भिशीचा नंबर

९ फेब्रुवारी
भोलू अजूनही समोरचा उजवा पाय टेकवत नाही. पाय मुरगळला समजून इतके दिवस हळद-तेल चोळत बसलो, भैताड कुठले! आज एक्स-रे झाला. डॉ.बाई म्हणाल्या, हाडाचा कॅन्सर. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत होतो म्हणे. पाय खांद्यापासून काढायचा, मग केमो. छाती अजून साफ आहे, म्हणून उशीर करू नका.
खर्चाचा आकडा ऐकून हे उठून बाहेर गेले अन् आम्हाले घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याशी क्रिकेटवर बोलत बसले. असा राग आला मले! जवळ गेली तं डोळे पुसून राहिले होते.

१० फेब्रुवारी
सकाळपासून नुसत्या येरझारा. चहा ठेवला, उतू गेला, परत ठेवला, पिला नाहीच.
पैसे कुठून आणायचे? होते ते स्लॅबमध्ये गेले. यांची रिटायरमेंट तोंडावर, मग हे क्वार्टर सोडायचं, अन् तिकडे घर अर्धंच उभं.
पुण्याहून लेकीचा फोन. "आई, एवढ्या पैशात..." पुढचं बोलली नाही. बरं झालं, नाही तं भांडणच होतं आज.
इंजिनियर साहेब बदलीवर गेले अन् हे ध्यान आमच्या गळ्यात टाकून गेले. तेव्हा यांच्या स्कूटरवर पायाजवळ मावला होता. आता सोफ्यावर तो बसते अन् आम्ही खाली.

११ फेब्रुवारी
कॉलनीतल्या बायकांची आमची भिशी. नंबर चिठ्ठीनंच निघतो, पण कोणाच्या घरी दवाखाना निघाला तं त्याले आधी. माणसाच्या दवाखान्याले, हे सांगायची कधी गरज पडली नाही.
कुंदाताईकडे जाताना रस्ताभर पाठ केलं, भोलूले कॅन्सर झाला, भोलूले कॅन्सर झाला. त्यांनी दार उघडलं अन् माझ्या तोंडातून निघालं, "यांच्या पायाचं ऑपरेशन आहे."
"बाप्पा! काहून वं, काय झालं भाऊजींले?"
"गाठ आहे."
झालं. एकदा बोलली ते बोलली.
या वेळचा नंबर सुनीताचा होता. तिचा नवरा कोळशाच्या ट्रकवर. लग्नसराईच्या आधी शिलाई मशीन घेणार होती. तिचाच फोन आला, "तुम्ही घ्या ताई. मशीन काय, पाहू पुढं. आधी भाऊजींले बरं होऊ द्या."
फोन ठेवला अन् भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासली.

१३ फेब्रुवारी
पाय काढला. डॉ.बाई म्हणतात, चांगलं झालं. कसलं चांगलं! पण श्वास घेऊन राहिला आहे, शेपटी हलवते.
घरी आणलं. उठायले गेला की नसलेल्या पायाकडे कलंडते. हे माझी जुनी हिरवी साडी त्याच्या पोटाखालून घालून, दोन्ही टोकं धरून त्याले अंगणात चालवतात. शेजारचे पाहतात तं पाहू दे.

१६ फेब्रुवारी
मेली मी आज.
कोणाचं ऑपरेशन झालं की आम्ही साऱ्या जणी संत्री घेऊन पाहायले जातो. मी स्वतः किती घरी गेली असेल! तरी डोक्यात आलं नाही की त्या माझ्याही घरी येतील.
दुपारी बेल. कुंदाताई पुढं, मागं साऱ्या. अन् हे स्टुलावर चढून पंखा पुसून राहिले.
"अवो भाऊजी, उतरा खाली! ऑपरेशनवाला पाय घेऊन स्टुलावर काय करून राहिले?"
यांनी माझ्याकडे पाहिलं. यांनाही मी काही सांगितलं नव्हतं.
तेवढ्यात भो. आतून आला. अर्धं अंग भादरलेलं, टाके, मागं साडी फरफटत. पाहुण्यांना पाहून खूश! शेपटी हलवायले गेला अन् तोल जाऊन कुंदाताईच्या पायावरच बसला.
कोणीच हसलं नाही.
सुनीतानं यांच्यासाठी मऊ खिचडीचा डबा आणला होता. तिनं भो.कडे पाहिलं, मग मले विचारलं, "कुत्र्यासाठी, ताई?" डबा टेबलावर ठेवला अन् गेली.

१७ फेब्रुवारी
हे: "मले तं सांगायचं होतं वं."
"सांगितलं असतं तं जाऊ दिलं असतं तुम्ही?"
"नाही."
मग बोलता कशाले!
सुनीताकडे गेली. दार अर्धंच उघडलं. "मले खरं सांगून मागितलं असतं तं कदाचित दिलं असतं मी. आता तेही सांगता येत नाही."
कुंदाताईचा निरोप, रविवारी भिशीत काय तो फैसला.

१९ फेब्रुवारी
भो. तीन पायावर मांजरीमागं धावला! मी ओरडली, हे टाळ्या वाजवून राहिले.
सोमवारी टाके निघतील, लगेच पहिली केमो. नाही केली तं? डॉ.बाई म्हणाल्या, मग जितके महिने मिळतील तितके. केली तरी बरा होईलच असं लिहून देत नाही म्हणाल्या.
भिशीतले उरले ते केमोपुरते. तेवढ्यातच सुनीताची मशीन येते. डोकं फुटायची वेळ आली आहे.
त्या दिवशीची संत्री तशीच पडून. कोणी हात लावत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
हे म्हणतात, तिचं देऊन टाक, मी लोन पाहतो. रिटायर होणाऱ्याले कोण लोन देते? यांनाही माहीत आहे, मलेही.
सुनीताचा डबा घासून ठेवला होता. रिकामा कसा परत करायचा? भरला. संत्र्यांनी नाही, भिशीतल्या उरलेल्या नोटांनी.
दुपारी ती स्वतःच डबा घ्यायले आली. फाटकातच उभी राहिली. भो. लंगडत गेला तं त्याच्यासमोर उकिडवी बसली अन् कान कुरवाळत विचारलं, "दुखते काय रे?" मले काही विचारलं नाही. डबा पिशवीत टाकला, न उघडता गेली.
आता घरी पोचली असेल. उघडला असेल.
भिशीले वेळ आहे. भो.ले केमोले न्यायले उद्या सकाळचा टेम्पो सांगून ठेवला आहे. नको म्हणून फोन करायचा होता. मघापासून फोन हातात धरून बसली आहे, भो. पायावर डोकं ठेवून झोपला आहे, अन् मी काही तो फोन केला नाही.