अर्ध्या बागेचा बहार

अकोला, ४ नोव्हेंबर २०२४

ती. सुभद्राआत्यास,
पायलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी बातमी ऐक, मग रागव. मी शिकवणी वर्गातली नोकरी सोडली. बाबा आता फक्त चहा मागण्यापुरते बोलतात.

घरी बसून तुझ्या संत्र्याच्या बागेसाठी एक वेबसाइट करतेय. नुसती वाचायची नाही, बागेचं रोजचं काम सांगणारी. मला कुठला कोड येतोय! पण आता एआय आहे ना. गॅलरीत बसून त्याला साध्या मराठीत सांगते, की वर संत्र्याची फांदी दिसू दे, खाली आजचं काम, आणि चहा निवायच्या आत ते पान समोर उभं. परवा तर त्याला तुझ्या बागेतल्या फुलांचा वास सांगत बसले. त्याचा कामाशी काही संबंध नव्हता. पण सांगता सांगता मी लहान झाले, फ्रॉकच्या ओच्यात फुलं होती आणि पाटाचं पाणी पायांवरून जात होतं. आई म्हणते, मशीनशी गप्पा मारणाऱ्या पोरीचं लग्न कसं व्हायचं.

तुझ्या बागेत राबणाऱ्या अमोलभाऊंनी रोज झाडाच्या आळ्यातल्या मातीचा फोटो टाकायचा, झाडाला काय हवं ते साइट सांगेल. तू तिथे एकटी असतेस. इथून माझं लक्ष तरी राहील. नाही म्हणू नकोस.

थोडा राग मिसळलेला लोभही चालेल.
तुझी पायल

शेंदूरजनाघाट, १७ नोव्हेंबर

चि. पायल इले आत्याचा लय लय आशीर्वाद.

नोकरी सोडली ते सोडली. रागवून काय फायदा, तू कोणाचं आयकते थोडीच. अन मी त आयकतच नाई! तुया यंत्राले एवढी अक्कल हाय त त्याले इचार, मायी वांग्याची भाजी काहून खारट होऊन राहिली.

अमोलले सांगितलं फोटो टाकत जाय म्हणून. आमचा सालदार तुया नावानं विहिरीत उडी मारन. पायलताईनं सांगितलं म्हणजे झालं त्याचं.

एक सांगाचं होतं. शेखर अमरावतीहून आल्ता. बाग काढाची म्हणते. रस्त्याले लागून जागा हाय, प्लॉट पाडाचे अन मी त्याच्यापाशी राहाले जाचं. पोरगा मायाच काळजीनं म्हणते, म्हणून मी हो म्हटलं. मन काही हो म्हणून नाई राहिलं. पण त्यानं एक मानलं. तुये आतोबा म्हणत, फुलावरल्या अन फळावरल्या झाडाले कुऱ्हाड लावू नाई. त्याईच्या फोटोपुढे शेखरनं कबूल केलं, का हा फेब्रुवारीतला आंबिया बहार होऊ दे, फळ उतरू दे, सारी बाग रिकामी झाली का मंगच जेसीबी. म्हणजे पुढल्या दिवाळीलोक.

मले शेवटचं एकडाव बाग पुरी पांढरी पाहाची हाय, पायल. कान गेले त काय झालं, वास त येते. फुलावर तू ये. दोघी मिळून पाहू.

तुया डोक्यावर हात ठेवून,
आत्या

शेंदूरजनाघाट, ९ जानेवारी २०२५

चि. पायल, आशीर्वाद.

रागात लिहून राहिली, जपून वाच.

डिसेंबरात झाडाईचं पाणी तोडलं होतं. दरसाली तोडतो, तवाच त फूल येते. ताण चांगला बसला होता, पानं मलूल होऊन गळून राहिले होते. काल वरच्या अंगाले गेली त पायाले चिखल! अर्धी बाग भिजेल होती. अमोलले इचारलं त म्हणते, तुयी साइट रोज लाल होऊन सांगे, झाडं तहानले, पाणी द्या. तो बिचारा वरच्याच झाडाईचे फोटो टाके, अन पहाटे मोटर लावून तिकडेच पाणी सोडे. त्याले वाटलं आत्याबाई अन पायलताईचं ठरलं असन. मी घरातच होती वं! मोटर चालू हाय हे मले आयकू कसं येईन?

झाडं हिरवेगार झाले. आता पालवी फुटन, फूल नाई. शेवटचा बहार होता मायी माय, अन अर्धा गेला. अमोल रडून राहिला, त्याच्यावर कशी वरडू? म्हणून तुयावर वरडते.

जेवत जाय वेळेवर.
आत्या

अकोला, १५ जानेवारी

ती. आत्यास, पायांवर डोकं ठेवते.

त्या एआयला मी सगळं सांगितलं होतं. काळी माती, झाडांचं वय, विहीर, वाससुद्धा. ताण तेवढा सांगितला नाही. आपल्याकडे तो कोणी कोणाला सांगतो का गं? डिसेंबर आला की पाणी तुटतं, त्यात सांगायचं काय! त्यानं एकदा विचारलंही होतं, पाण्याबद्दल आणखी काही नियम आहे का. मी म्हटलं, नाही. वास सांगायला वेळ होता मला.

साइट मोडून टाकतेय. बाबांनी वर्गाच्या सरांना फोन केलाय, परत घेतील म्हणतात.

रोज एकच स्वप्न पडतं. बाग अर्धी पांढरी, अर्धी हिरवी. मधल्या पाटावर तू पाठमोरी उभी आहेस. मी हाका मारते आणि तुला ऐकू येत नाही.

फुलांवर येणार नाही. कोणत्या तोंडानं येऊ?
अपराधी,
पायल

शेंदूरजनाघाट, २० फेब्रुवारी

चि. पायल इले आशीर्वाद, अन एक धपाटा.

तुयी वाट पाहून पाहून डोये दुखले. बाग फुलली वं. खालची अर्धी अशी पांढरी, का जमीन दिसत नाई. वरची हिरवी गच्च. तुया सपनात होती तशीच. पहिल्या दिवशी मी पाटावर बसून रडली. वासानं डोकं भणभणून गेलं, तशीच बसून राहिली दुपारलोक. अन बसल्या बसल्या डोक्यात आलं.

वरच्या झाडाईले मे महिन्यात ताण देईन, मृगावर फुलतीन. त्याचं फळ उतरन पुढल्या फेब्रुवारी-मार्चात. तवालोक खालची बाग पुन्हा फुलावर! एक अर्धी रिकामी होते तवा दुसरी भरेल राहाते. सारी बाग रिकामी कधी होतच नाई, पायल. गावातले लोक हसून राहिले, का एका बागेत दोन बहार कोण धरते. हसू दे.

शेखर आल्ता, त्याले पाटावर उभं करून हेच सांगितलं. तो लय वेळ बोटावर महिने मोजत राहिला. मंग बापाचा शब्द आठवला असन, हसाले लागला. आई, तू मले फसवलं, म्हणते. मी म्हटलं, मी नाई रे बाबा, पायलच्या मशीननं. जाताना फुलाची फांदी नेली त्यानं गाडीत. जेसीबीचं नाव नाई काढलं.

साइट मोडली असन त पुन्हा कर. अन या डाव त्याले ताण सांग, मे लागाच्या आधी. अमोल दोनदा इचारून गेला, ताईचा मेसेज काहून येत नाई म्हणून. तुया बापाले सांग, पोरगी बागेच्या नोकरीवर हाय.

आता लवकर ये. फूल काही थांबत नाई. पण माया पाठीमागून हाका मारत बसू नको, मले आयकू येत नाई. समोरून ये.

वाटेकडे तोंड करून बसलेली,
आत्या